पॅनल बनवायला लागलेली वीज वसूल होते का?

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसतंय. शेजारच्या काकांनी विचारलं, "हे बनवायला जेवढी वीज खाल्ली, तेवढी तरी परत देणार का?" प्रश्न रास्त आहे.

पॅनलमधला सगळ्यात वीजखाऊ माल म्हणजे शुद्ध सिलिकॉन. गारगोटीचा दगड कोळशासोबत भट्टीत वितळवून निघणारं सिलिकॉन 98-99 टक्के शुद्ध असतं. सोलरला 99.9999 टक्के किंवा त्याहून शुद्ध लागतं.

म्हणून त्याचा क्लोरीनयुक्त वायू करून तो शुद्ध करतात आणि सीमेन्स पद्धतीत सुमारे 1100 अंशांवर तापलेल्या सळ्यांवर सोडतात. सिलिकॉन सळ्यांवर थराथराने चढतं. गंमत बघा, सळ्या लालबुंद आणि रिअ‍ॅक्टरच्या भिंती मात्र पाण्याने थंड ठेवायच्या, नाहीतर सिलिकॉन तिथेही चिकटेल! बरीच उष्णता त्या पाण्यातच जाते.

पूर्वी किलोला 100 युनिटच्या वर वीज लागायची. आता एका रिअ‍ॅक्टरमध्ये जास्त सळ्या बसवतात, वाया जाणाऱ्या उष्णतेची वाफ करतात. चांगले कारखाने 60 च्या आसपास, काही त्याच्याही खाली आलेत.

दुसरी पद्धत फ्लुइडाइज्ड बेडची. सिलेन या सिलिकॉनयुक्त वायूतून सिलिकॉनचे साबुदाण्याएवढे दाणे वाढतात. तापमान कमी, वीजही बरीच कमी.

आता काकांचा हिशोब. 1 किलोवॉटला साधारण अडीच किलो सिलिकॉन, म्हणजे 150 युनिट. रोज 4 युनिट धरले तर 40 दिवसांत वसूल. वेफर (सिलिकॉनच्या पातळ चकत्या), काच, अ‍ॅल्युमिनियमची वीज वेगळी. तरी आपल्या उन्हात सगळं मिळून एखाद-दीड वर्ष, आणि पॅनल चालतं 25 वर्षं.