बाळंतिणीचे मन आणि नवी औषधे
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

२०११ च्या जूनमध्ये खालापूरच्या एका रिसॉर्टवर पोलिसांनी छापा घातला आणि ‘रेव्ह पार्टी’ हा शब्द आमच्या रायगडात घरोघरी पोहोचला. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्यांचा उपयोग होतो का, यावर संशोधन चालू आहे, असे मी कर्जतच्या एका महिला मेळाव्यात सांगितले, तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला, “मग त्या पोरांना पकडले कशाला?” प्रश्न रास्त होता.

आधी आजार समजून घेऊ. बाळंत झाल्यावर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येते. ते पंधरवड्यात ओसरते. नैराश्य मात्र मुक्काम ठोकते. बाळ शेजारी असून जवळ घ्यावेसे वाटत नाही, बाळ झोपले तरी हिला झोप नाही, आपण आई व्हायला नालायक आहोत असे वाटत राहते. कधी जिवाचे बरेवाईट करण्याचे विचारही येतात. घरात म्हणतात, बाहेरचे लागले. मग भगताकडे नेतात, नाहीतर ‘नखरे करते’ म्हणून सोडून देतात. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू सगळे होते, तिच्या मनाचे तेवढे विचारायचे राहते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २३ टक्के मातांना सहा ते आठ आठवड्यांनी हा आजार आढळला. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी झाली म्हणून नाराजी, ही त्यामागची कारणे दिसली. यातले एकही कारण गोळीने जाणारे नाही, हे लक्षात ठेवा.

नेहमीच्या औषधांना गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. तान्ह्या बाळाच्या आईला तेवढा काळ फार मोठा. म्हणून लवकर काम करणाऱ्या औषधाचा शोध चालू आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये झुरॅनोलोन ही चौदा दिवस घ्यायची गोळी मंजूर झाली. ती भ्रम निर्माण करणारी नाही. सायलोसायबिनच्या कुळातले, पण परिणाम थोड्या तासांत उतरणारे आरई-१०४ हे द्रव्य मात्र तिथे खास या आजारावर तपासले जात आहे. एकच मात्रा, तीही इस्पितळात, जवळ प्रशिक्षित माणूस बसलेले, आधी तयारी आणि नंतर विचारपूस. पार्टीतली गोळी कोणी, कशात, किती घातली हे कोणालाच ठाऊक नसते. मागच्या रांगेतल्या बाईंना मी हेच उत्तर दिले.

भूल देण्याच्या केटॅमिनचे भावंड एस्केटॅमिन. चीनमधल्या पाच इस्पितळांत, गरोदरपणातच उदास असलेल्या ३६४ मातांवर त्याची चाचणी झाली. बाळंत होताच अर्ध्या मातांना त्याची छोटी मात्रा दिली, उरलेल्यांना नुसते सलाइन. बेचाळिसाव्या दिवशी नैराश्य पहिल्या गटात ६.७ टक्के, दुसऱ्यात २५.४ टक्के. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आकडे आशादायक आहेत, पण पुढे वर्षभर काय होते ते त्यात नाही. औषध दुधात किती उतरते, हाही प्रश्न प्रत्येक नव्या औषधाला विचारायलाच हवा. आणि ज्या बाईला भास होतात, किंवा उन्मादाचा जुना आजार आहे, तिला असली भ्रमकारक द्रव्ये घातकच ठरू शकतात.

सायलोसायबिन आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने बंद आहे. ते काही जातींच्या अळंबीत असते, हे ऐकून कोणी पावसाळ्यात रानातली छत्री तोडून आणू नये. विषारी अळंबी यकृत निकामी करते आणि ओळखण्यात जाणत्यांचीही फसगत होते.

मग आज काय? आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, बाळाचे वजन करते. त्याच वेळी सासूबाईंना जरा बाहेर पाठवून आईला विचारावे : झोप लागते का, रडू येते का, स्वतःला किंवा बाळाला काही करावे असे मनात येते का? ‘हो’ म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.