लिलिपुटचा हिशेब

स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ (१७२६) या ग्रंथातील आकडे निव्वळ विनोदासाठी योजलेले आहेत, असे समजण्याचा मोह होतो. वस्तुतः त्यांच्यामागे भूमितीचा एक काटेकोर नियम उभा आहे. दोन समरूप घनाकृतींपैकी एकीची लांबी दुसरीच्या १२ पट असेल, तर तिचे पृष्ठफळ १४४ पट आणि घनफळ १७२८ पट भरते.

गलिव्हरची शय्याच पाहावी. लांबीरुंदीसाठी लिलिपुटच्या १५० गाद्या एकत्र शिवल्या आहेत. १४४ ला हा आकडा पुरेसा जवळचा होय. परंतु जाडीसाठी १२ थर हवे असता चारच घातले, म्हणजे एकूण गाद्या ६००. दगडी फरशीचा कठीणपणा गलिव्हरला जाणवत राहतो, ही तक्रार गणिताला धरूनच आहे!

शिध्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. दरबारचे गणिती उंचीचे प्रमाण मोजून, शरीरांच्या समरूपतेवरून गलिव्हरचे अन्न ठरवितात. काही आवृत्त्यांत येथे १७२४, तर काहींत १७२८ असा पाठ मिळतो. १२ चा घन ध्यानी घेता दुसराच पाठ सयुक्तिक वाटतो. भाषांतरकाराने ‘दीड हजारांहून अधिक’ असे मोघम लिहिले, तर शय्येतील वर्ग आणि शिध्यातील घन यांचे नाते नाहीसे होते.

गणित बिनचूक असले तरी त्यावरचे अनुमान टिकत नाही. अन्नाची गरज घनफळाच्या प्रमाणात वाढत नाही. सस्तन प्राण्यांचा चयापचय वजनाच्या सुमारे पाऊण घाताने वाढतो, असे माक्स क्लायबर यांनी १९३२ साली मांडले. त्या हिशेबाने गलिव्हरला सुमारे २७० जणांचा शिधा पुरला असता. उलट लिलिपुटवासीयांना चिचुंद्रीप्रमाणे जवळजवळ अखंड खात राहावे लागले असते.

ब्रॉब्डिंगनॅगच्या राक्षसांची अडचण निराळी. त्यांची उंची माणसाच्या १२ पट. हाडांचा छेद १४४ पट, पण वजन १७२८ पट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर १२ पट भार. गॅलिलिओने १६३८ सालीच ही मर्यादा दाखविली होती. पुढे भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात बन्यनच्या राक्षसांना हाच न्याय लावला. मांडीचे हाड माणसाच्या वजनाच्या सुमारे दहापट भाराखाली मोडते, असे ते सांगतात. ब्रॉब्डिंगनॅगचा राजा सिंहासनावरून उठून पहिले पाऊल टाकतानाच कोसळला असता.