गोदामाची तुळई आणि उन्हाचे व्याज

उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे आपण सर्वच शाळेत शिकलो. तथापि नवे गोदाम बांधताना त्या प्रसरणाचा आकडा मांडून पाहणारे विरळाच. वस्तुतः आपल्या व्यापारी बंधूंना हा हिशेब मुळीच अपरिचित वाटू नये. मुद्दल, दर आणि मुदत यांवरून जसे सरळव्याज निघते, तसेच मूळ लांबी, पदार्थाचा प्रसरणांक आणि तापमानातील फरक यांच्या गुणाकाराने वाढ निघते.

पोलादाचा प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२ आहे. ग्वाल्हेरसारख्या शहरी हिवाळ्यातील पहाट ५ अंशांपर्यंत उतरते व उन्हाळ्यातील दुपार ४५ अंशांवर जाते. फरक ४० अंशांचा. तेव्हा २० मीटर लांबीची पोलादी तुळई या अवधीत ९.६ मिलिमीटर वाढते.

एक सेंटिमीटरही नाही, मग चिंता कशाची? चिंता वाढीची नसून ती अडविण्याची आहे. दोन्ही टोके भिंतीत घट्ट चिणली आणि तुळईला तसूभरही हलू दिले नाही, तर तिच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक टन दाब उत्पन्न होतो. तुळई लांब असो वा आखूड, हा दाब तेवढाच राहतो. मग एक तर तुळई वाकते, नाही तर भिंतीला तडे जातात.

म्हणून जाणते अभियंते एक टोक पक्के करून दुसरे सरकते ठेवतात. छपराच्या पत्र्याचे तर विशेषच आहे. उन्हात तो हवेहूनही अधिक तापतो. शिवाय अॅल्युमिनियमचा प्रसरणांक ०.००००२३, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. पोलादी सांगाड्यावर असा लांब पत्रा बसविताना बोल्टांची छिद्रे लांबट ठेवावीत. अन्यथा ती फाटून पावसाळ्यात मालावर पाणी गळते. काँक्रीट व पोलाद यांचे प्रसरणांक मात्र जवळपास सारखे असल्यामुळेच त्यांचा संसार सुखाने चालतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. तुळई कोणत्या ऋतूत बसविली, यावर फटीचे माप अवलंबून असते. थंडीत बसविलेली तुळई पुढे वाढणार, तर भर उन्हाळ्यात बसविलेली आखडणार. सबब बांधकामाचा करार करताना, ‘प्रसरणासाठी जागा किती व कोठे ठेवली?’ एवढा प्रश्न अवश्य विचारावा. त्या फटीला खर्च थोडा येतो; भिंतीच्या दुरुस्तीला पुष्कळ.