‘कमी सरकार’चे वचन आणि वाघोलीचा हिशेब

पुण्यात नगर रस्त्यावर वाघोलीत घर घेतलेल्या नोकरदारांत एक समजूत बरीच रुजली आहे. उजव्या विचारांचे पक्ष सत्तेवर आले की सरकारचा पसारा आवरतो, कर उतरतात आणि साहेबांची लुडबुड थांबते. 2014 साली नरेंद्र मोदींनी ‘मिनिमम गव्हर्नमेंट, मॅक्सिमम गव्हर्नन्स’ ही घोषणा दिली, तेव्हापासून ही समजूत जास्तच पक्की झाली. ती तपासून पाहायला हवी, कारण याच समजुतीवर अनेकजण मत देतात.

गैरसमज : कमी सरकार हा या पक्षांचा मूळ विचारच आहे.

तसे नाही. भाजपची स्थापना 1980 साली झाली, तेव्हा पक्षाने ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला होता. कमी सरकार हेच ब्रीद मानणारा पक्ष म्हणजे राजाजी आणि मिनू मसानींचा स्वतंत्र पक्ष. 1959 साली तो निघाला, 1967 मध्ये लोकसभेत त्याचे 44 खासदार निवडून आले आणि 1974 मध्ये तो विसर्जित झाला. महाराष्ट्रात हा विचार शेवटपर्यंत निष्ठेने मांडला तो शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी, तोही चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करत. परंपरा आणि राष्ट्र यांविषयी आग्रही असणे वेगळे आणि सरकारने बाजारातून अंग काढून घ्यावे असे मानणे वेगळे.

गैरसमज : घोषणेनंतर सरकार आक्रसले.

काही कामे झाली, त्यांचे श्रेय द्यायलाच हवे. दीड हजारांवर कालबाह्य कायदे रद्द झाले. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. त्याआधी वाजपेयींच्या काळात अरुण शौरी यांनी बाल्को आणि व्हीएसएनएल विकून दाखवले होते. मंत्रिमंडळाला सभागृहाच्या 15 टक्क्यांची मर्यादा घालणारी घटनादुरुस्तीही वाजपेयी सरकारचीच, 2003 सालची. माझ्या मते स्वतःच्या हातांना बांध घालणारे हे सर्वांत प्रामाणिक पाऊल होते.

पण 2014 च्या मे महिन्यात पंतप्रधानांसह 46 जणांचे असलेले मंत्रिमंडळ जुलै 2021 मध्ये 78 वर गेले. सहकाराचे नवे खाते उघडले. महाराष्ट्रात कमाल 43 मंत्री होऊ शकतात. डिसेंबर 2024 मध्ये विस्तारानंतर ते 42 होते. केंद्राचा खर्च 2013-14 मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या साधारण 14 टक्के होता, दहा वर्षांनी तो त्याहून कमी झालेला नव्हता.

खरी कसोटी कांद्याची. जून 2020 मध्ये केंद्राने वटहुकूम काढला आणि युद्ध, दुष्काळ, असाधारण भाववाढ असे प्रसंग वगळता कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या नियंत्रणातून मोकळा केला. शेतकऱ्याला बाजार खुला झाला, असे सांगण्यात आले. 14 सप्टेंबरला त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, आणि दुसऱ्याच दिवशी कांदा मोकळा करणारे विधेयक लोकसभेने मंजूर केले. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये पुन्हा निर्यातबंदी. बंदी उठली ती मे 2024 मध्ये, लोकसभेच्या निवडणुका चालू असताना. निर्यातीच्या बाबतीत चाकण-लासलगावच्या शेतकऱ्याचे म्हणणे साधे होते, वाटेतून बाजूला व्हा. तेवढेही झाले नाही.

गैरसमज : पैसे वाटतात ते डावे.

जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी’ वाटण्याच्या राजकारणावर जाहीर टीका केली. दोन वर्षांनी महाराष्ट्रात महायुतीने लाडकी बहीण योजना आणली. दरमहा दीड हजार रुपये, वर्षाचा अंदाजित खर्च 46 हजार कोटी. ज्या बाईच्या हाती पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले तिला त्याचे मोल ठाऊक आहे, ते मी कमी लेखत नाही. विरोधकांनी तर तीन हजारांचे आश्वासन दिले होते. पण या खर्चाला कमी सरकार म्हणता येणार नाही.

गैरसमज : कर रद्द झाला की सरकार लोकांच्या जवळ येते.

हे वाघोलीकरांनी नीट पाहावे. ऑगस्ट 2015 मध्ये फडणवीस सरकारने बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, माफ केला. व्यापाऱ्यांची सुटका झाली. महापालिकेच्या हातचे उत्पन्न मात्र गेले आणि ती मंत्रालयातून येणाऱ्या भरपाईवर विसंबली. बाजार मोकळा करताना स्थानिक सत्ता वर ओढून घेण्याचे हेच काम इंग्लंडमध्ये थॅचरबाईंनी केले होते: सरकारी कंपन्या विकल्या, आणि 1986 मध्ये लंडनची निवडून आलेली महानगर परिषदच बरखास्त केली.

वाघोलीची ग्रामपंचायत जून 2021 मध्ये, महाविकास आघाडीच्या काळात, इतर 22 गावांसह महापालिकेत विलीन झाली. त्याआधीची 11 गावे 2017 मध्ये, भाजपच्या काळात. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे विलीन झालेल्या वाघोलीला जवळपास साडेचार वर्षे स्वतःचा नगरसेवक नव्हता, आणि या काळात मुंबईत दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी मेट्रोला जून 2025 मध्ये दिल्लीतील मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मेट्रो हवीच, नळाचे पाणीही हवे, त्यासाठी सरकारही हवे. प्रश्न एवढाच, की त्या सरकारला जाब कुठे विचारायचा.

ग्रामपंचायत असताना ग्रामसभा होती. शहरांसाठी राज्याने 2009 साली कायद्यात ग्रामसभेच्या धर्तीवर मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद केली, पण ती भरताना दिसत नाही. पुढच्या वेळी कोणी कमी सरकारची भाषा करत दारात आले, तर त्यांना हेच विचारा : आमच्या प्रभागाची क्षेत्रसभा कधी बोलावता?