घारापुरीची वाट पाण्यातूनच

शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे तापी आणि पांझरा या नद्यांचा संगम होतो. तेथून तापी पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. खानदेशातील माणसाला नदी, तिचा पूर आणि नाव यांची ओळख असते; समुद्राची मात्र क्वचितच. मुंबईची सहल ठरली, की गेटवे ऑफ इंडियापासून बोटीने घारापुरीला जाण्याचा बेत म्हणूनच आवर्जून आखला जातो. हा प्रवास जेमतेम तासाभराचा असला, तरी तो नदीपारच्या प्रवासासारखा नाही. त्याचे काही नियम समुद्र ठरवतो आणि ते आधी जाणून घेतलेले बरे.

घारापुरी हे मुंबई बंदराच्या पाण्यातील लहानसे डोंगराळ बेट. गेटवेपासून ते सुमारे दहा किलोमीटरवर आहे. प्रवासी मुंबईतून निघत असले, तरी बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात येते. बोट किनारा सोडते तेव्हा नौदलाची जहाजे, तेलवाहू जहाजांसाठी धक्के असलेले जवाहर द्वीप आणि दूरवर तुर्भ्याचा किनारा दिसतो. हे देशातील अत्यंत गजबजलेल्या बंदरांपैकी एक आहे. प्रवासी बोटी, मच्छीमार होड्या, मालवाहू आणि लढाऊ जहाजे यांची वाट येथे एकाच पाण्यातून जाते.

बेटावर उतरताच एक गोष्ट लक्षात येते. धक्का किनाऱ्यापासून बराच आत समुद्रात गेलेला आहे. इतका, की पायथ्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यावरून छोटी रेल्वेगाडी चालवली जाते. याचे कारण भरती-ओहोटीत आहे. बेटाभोवतीचा समुद्र उथळ असून ओहोटीच्या वेळी तिवरांच्या झाडांपुढे चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. नदीला पूर येतो तो पावसाने. समुद्राचे पाणी मात्र चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे दिवसातून साधारण दोन वेळा चढते आणि दोन वेळा उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, मुंबईच्या किनाऱ्यावर या दोन पातळ्यांत बारा फुटांहून अधिक फरक पडू शकतो.

भरतीची वेळ काढण्याचा कोकण किनाऱ्यावरील जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जुळतो. ज्याच्या घरात पंचांग आहे, त्याला शिंदखेड्यात बसूनही घारापुरीच्या पाण्याचा अंदाज बांधता येतो.

धक्क्यापासून पुढे सुमारे १२० पायऱ्या चढल्या, की मुख्य लेणे येते. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या खानदेशी प्रवाशाला हा खडक परका वाटत नाही. दख्खनच्या लाव्हारसातून बनलेला तोच काळा बेसॉल्ट येथेही कोरलेला आहे. मुख्य लेणे सामान्यतः सहाव्या शतकातील मानले जाते. सुमारे वीस फूट उंचीची त्रिमुखी सदाशिवमूर्ती हे त्याचे वैभव. युनेस्कोने १९८७ मध्ये या लेण्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांनी बेटावरील दगडी हत्तीवरून दिले. हा हत्ती हलवताना भंगला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

बहुतेक पर्यटक लेणी पाहून परततात. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोरबंदर अशा तीन वस्त्या आहेत, हे अनेकांच्या गावीही नसते. हजार-बाराशेच्या आसपास लोक येथे राहतात. मुंबईचे दिवे रोज डोळ्यांसमोर असूनही या वस्त्यांना नियमित वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून ती आणण्यात आली. त्याआधी संध्याकाळचे काही तास चालणाऱ्या जनरेटरवर गावाला भागवावे लागे. बेटाला जोडणारा पूल आजही नाही. बाजारहाट, पुढचे शिक्षण, मोठा दवाखाना, सगळ्यासाठी बोटच. पावसाळ्यात हवामान बिघडून फेऱ्या थांबल्या, की पर्यटकाची सहल हुकते. ग्रामस्थाचा रस्ताच बंद होतो.

या वाटेवरील धोका १८ डिसेंबर २०२४ रोजी साऱ्या देशाने पाहिला. घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट धडकली. प्रवासी बोटीवर शंभरहून अधिक जण होते. या दुर्घटनेत एकूण १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. बुडणाऱ्या बोटीवर जाकीट शोधून बांधण्याइतका वेळ मिळत नाही, म्हणून ते किनारा सोडण्यापूर्वीच अंगावर हवे. पोहता येत असले तरीही हवे. कारण गार आणि ओढ असलेल्या पाण्यात सराईत पोहणाराही लवकर थकतो. बोटीत गर्दी अधिक वाटली, तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. लहान मुलांना त्यांच्या मापाचे जाकीट मागून घ्यावे.

लेणी सोमवारी बंद असतात, हे खानदेशातून रात्रभर प्रवास करून येणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. सकाळची बोट धरली, तर उन्हाआधी पायऱ्या चढून होतात. वर माकडांचा उपद्रव असल्याने खाद्यपदार्थ हातात मिरवू नयेत. पायऱ्यांलगत स्थानिक लोक दुकाने मांडून बसलेले असतात. पर्यटकांवरच त्यांचा चरितार्थ चालतो. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या मात्र आपल्यासोबत परत न्याव्यात, कारण बेटावर साठणारा कचराही शेवटी बोटीनेच हलवावा लागतो. पर्यटकांसाठी बेटावर मुक्कामाची सोय धरून चालू नये. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवावी आणि तिच्या निदान तासभर आधी पायऱ्या उतरायला लागावे.