पेशंट अंगावर धावून आला तर? केअरटेकरच्या कामाला जाण्याआधी हे शिकून घ्या

हिंजवडी : मुलगा-सून आयटी कंपनीत, घरात आजारी आजोबा. अशा घरांत गावाकडच्या मुली, बायका, तरुण केअरटेकर म्हणून कामाला जातात. अंघोळ घालणं, औषध देणं चार दिवसांत जमतं. पण आजोबांनी अचानक हात उगारला तर? हे कोण शिकवणार, ते एजन्सीला आधीच विचारा.

पेशंट का चिडतो?

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेल्या माणसाला कधीकधी समोरचा माणूसच ओळखू येत नाही. कुणीतरी परका आपले कपडे काढतोय असं वाटून तो स्वतःला वाचवायला मारतो. म्हणून अंघोळीच्या वेळी असे प्रकार जास्त होतात. दुखणं, भूक, पोट साफ नसणं, हेही सांगता आलं नाही की राग बाहेर पडतो. एरवी शांत असणारा म्हातारा माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिथरला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवीचं इन्फेक्शनसुद्धा असू शकतं.

त्या वेळी काय करायचं?

• दोन हात लांब, थोडं बाजूला उभं राहा. दाराकडची वाट मोकळी ठेवा.
• आवाज खाली, वाक्य छोटं. वाद घालू नका.
• मनगट धरून ओढू नका. अंघोळ अर्ध्या तासाने घातली तरी चालते.
• केस बांधा, गळ्यातलं आत घ्या.
• किती वाजता, कशावरून झालं ते वहीत लिहा आणि घरच्यांना सांगा. काम जाईल या भीतीने मार लपवू नका.

बांधून ठेवलं तर?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ९७ वाचा. मनोरुग्णालयातसुद्धा पेशंटला बांधायचं तर धोका टाळायला दुसरा उपायच नसावा लागतो आणि मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी लागते. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. हॉस्पिटलला इतकी बंधनं असताना घरात एकट्या केअरटेकरने दोरी हातात घेणं धोक्याचंच. घरचे म्हणाले तरी नाही म्हणा, डॉक्टरांना विचारायला सांगा.

मदत कुठे?

सल्ल्यासाठी टेली-मानस १४४१६ वर मोफत फोन करा, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. जिवाला धोका वाटला तर खोलीबाहेर या आणि ११२ लावा.