पायाखालची राख

सिंह पाहून झालेले असतात, हत्ती पाहून झालेले असतात, झेब्रा दिसला म्हणून आता मुलंही सीटवरून उठत नाहीत. आफ्रिकेतल्या सफारीचे शेवटचे दिवस असे येतात. माझ्या मते खरी सफारी तिथूनच सुरू होते. ‘आज काय दिसणार’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘हे सगळं इथेच का’ असा प्रश्न पडायला लागतो.

टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला एन्डुटू आहे. आमच्या घरातल्या तीन पिढ्या सहलीच्या शेवटी, फेब्रुवारीत, तिथे पोचल्या. तळ्याकाठची बाभळीची झाडी मागे टाकली की माळ सुरू होतो. नजर जाईल तिथवर गवत, तेही जेमतेम वीतभर. आणि एवढ्या अफाट हिरव्या माळावर औषधालासुद्धा झाड नाही! ऊन आहे, पाऊस पडतो, उत्तरेला तर रानंच्या रानं आहेत. मग इथेच झाडांनी कुणाचं घोडं मारलं?

पूर्वेकडे बघा. डोंगरांची निळी रांग दिसते ना, ते सगळे ज्वालामुखी. बरेचसे कायमचे विझलेले, एक अजून जागा. इथला वारा बहुतेक पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे या डोंगरांनी हजारो वर्षं ओकलेली राख पश्चिमेला, या माळावर येऊन पडली. पावसाचं पाणी राखेतला चुना विरघळवून खाली नेतं. पण पाऊस बेताचा, पाणी फार खोल जातच नाही. ऊन ते परत ओढून घेतं आणि चुना जागच्या जागी साचतो. असं वर्षानुवर्षं चालत राहिलं, आणि जमिनीखाली थोड्याच अंतरावर एक टणक थर तयार झाला. झाडाच्या मुळाला तो भेदता येत नाही. गवताला मात्र वरची माती भरपूर झाली. म्हणजे हा माळ कुणी झाडं तोडून मोकळा केलेला नाही. झाडांना इथे पाय रोवायलाच मिळाले नाहीत.

आणि गवत तरी कसं! राखेत कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम मुबलक, आणि ते सगळं गवतात उतरतं. पिल्लाची हाडं कशाने भरतात? आईचं दूध कशाने सकस होतं? याच क्षारांनी. आता सांगा, सुमारे १३ लाख विल्डबीस्टना बाळंतपणासाठी जागा शोधायची असेल तर ते कुठे जातील?

फेब्रुवारीच्या आगेमागे, दोन-तीन आठवड्यांत, गाभण माद्यांपैकी दहातल्या आठ इथे वितात. काही लाख पिल्लं, एकाच माळावर, जवळजवळ एकाच वेळी. ही घाई कशासाठी? तरस खाऊन खाऊन किती खाईल! पिल्लं वर्षभर थोडी थोडी जन्मली असती तर एकेक करून उचलली गेली असती. लाखोंनी एकदम आली की शिकाऱ्यांची पोटं भरतात आणि पिल्लं उरतात. रिचर्ड एस्टेस यांनी १९६० च्या दशकात शेजारच्या गोरोंगोरोत राहून विल्डबीस्टचा बारकाईने अभ्यास केला. बहुतेक पिल्लं सकाळच्या वेळी जन्मतात, हेही त्यात दिसलं. तरसांची रात्र पडायच्या आत पिल्लाला पाय बळकट करायला अख्खा दिवस मिळतो.

आम्हालाही ते दिसलं, तेही सकाळीच. गाडीपासून पन्नासेक पावलांवर एक मादी बसली, उठली, पुन्हा बसली. शेपटीखाली दोन ओले खूर दिसत होते. मग ती आडवी झाली आणि पिल्लू गवतावर घसरलं. फिकट तपकिरी, चिंब, कान मानेला चिकटलेले. त्याने लगेच उठायची खटपट सुरू केली. मागचे पाय उचलले आणि तोंडावर आपटलं. पुन्हा उठलं, या वेळी कुशीवर कलंडलं. आई चाटत होती, मध्येच नाकाने ढकलत होती. आमच्या ड्रायव्हर-गाइडनी घड्याळ धरलं होतं. सातव्या मिनिटाला ते चारही पायांवर उभं!

“अगं, आमच्या गाईच्या वासराला अर्धा-पाऊण तास लागायचा,” माझी आई म्हणाली. तिचं लहानपण गोठ्यात गेलंय, तिला त्या सात मिनिटांची किंमत कळते.

आता पुढचा प्रश्न. इतकं सकस गवत असताना हे कळप इथून जातातच कशाला? उत्तर पुन्हा त्याच डोंगरांत आहे. हिंदी महासागरावरून येणारं बाष्प ते अडवतात आणि पाठीमागचा माळ पर्जन्यछायेत टाकतात. आईचं माहेर माण तालुक्यातलं. महाबळेश्वरला धो धो आणि माणला कोरडं ठणठणीत, हे सह्याद्रीचं वागणं तिला कुणी शिकवायला नको. या माळावर वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, वायव्येकडे जवळपास त्याच्या दुप्पट. पाऊस थांबला की गवत वाळतं, डबक्यांतलं उरलंसुरलं पाणी खारट होतं आणि कळप ओल्या भागाकडे निघतात, पार केनियातल्या मारापर्यंत. ज्या डोंगरांनी सकस गवत दिलं त्यांनीच पाऊस अडवला. दोन्ही गोष्टी एकाच जागी मिळत नाहीत म्हणून हे लाखो प्राणी वर्षभर फिरत राहतात. जगभरातून लोक ज्या स्थलांतरासाठी येतात, ते मुळात या डोंगरांचं देणं आहे!

त्यांतला जागा डोंगर म्हणजे ओल डोइन्यो लेंगाई, इथल्या मासाई लोकांचा देवाचा डोंगर. याच्यासारखा लाव्हा आज पृथ्वीवरचा दुसरा कुठलाही ज्वालामुखी ओतत नाही. एरवी लाव्हा सिलिकेटचा असतो, याचा कार्बोनेटचा. त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, भरपूर. तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअस, नेहमीच्या लाव्ह्याच्या साधारण निम्मं, त्यामुळे दिवसा तो लाल दिसतच नाही. काळा, पातळ वाहतो आणि हवेतल्या ओलाव्याने हळूहळू पांढरा पडतो. त्यातल्या एका खनिजाचं नाव न्येरेराइट, टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून ठेवलेलं.

ओल्डुवाईच्या घळीजवळ ज्वालामुखीच्या राखेची एक काळी टेकडी आहे. चंद्रकोरीच्या आकाराची, आणि ती चालते! वारा एका बाजूचे कण उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो आणि टेकडी अख्खीच्या अख्खी, आकार न मोडता, वर्षाला पंधरा-सतरा मीटर पश्चिमेकडे सरकते. ती पूर्वी कुठे होती ते दाखवायला मागे साल लिहिलेले खांब रोवलेत. राखेत लोह इतकं की आईच्या पर्सचं चुंबकी बटण त्यात टेकवलं आणि वर उचललं, तर त्याच्या कडेने काळे कण उभे राहिले. लेकीने ते बोटाने पुसले, पुन्हा टेकवले, पुन्हा पुसले. तिला तिथून हलवायला वेळ लागला.

पण राखेची सर्वांत मोठी करामत दक्षिणेला लेटोलीत आहे. सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी, लेंगाई जन्मायच्याही आधी, दुसऱ्या एका ज्वालामुखीची राख तिथे पडली. वर पावसाचा शिडकावा झाला. ओल्या राखेवरून ससे गेले, गिनी कोंबड्या गेल्या, हत्ती गेले, आणि दोन पायांवर चालणारे कुणीतरीही गेले. मग राख उन्हात घट्ट झाली, वर आणखी राख पडली आणि सगळं झाकलं गेलं. १९७६ मध्ये अँड्र्यू हिल हे संशोधक तिथे होते. सहकारी गंमत म्हणून एकमेकांवर हत्तीचं वाळकं शेण फेकत होते. ते चुकवताना हिल खाली पडले आणि नाकासमोर प्राण्यांचे ठसे! दोन वर्षांनी मेरी लीकी यांच्या पथकाला तिथेच माणसाच्या पूर्वजांची पाऊलवाट मिळाली, सुमारे २७ मीटर लांब. अंगठा माकडासारखा बाजूला नाही, इतर बोटांच्या रांगेत. टाच आधी टेकलेली. या पूर्वजांचा मेंदू आपल्या मेंदूच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा, पण चाल जवळजवळ आपलीच. म्हणजे आपण आधी चालायला शिकलो, डोकं मागाहून वाढलं. राखेत पावसाच्या थेंबांचे खळगेसुद्धा शिल्लक आहेत! मूळ ठसे जपण्यासाठी पुन्हा पुरून ठेवलेत; ओल्डुवाईच्या संग्रहालयात त्यांची प्रतिकृती बघायला मिळते.

तिथून गोरोंगोरोकडे वर चढताना मासाईंच्या गाई रस्ता अडवतात. गाडी थांबली की त्यांच्याकडेही नीट बघा, कारण माळावरच्या गर्दीत त्यांचाही वाटा आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस बुळकांडी रोग बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेच्या ईशान्येला उतरला आणि दहा वर्षांत दक्षिण टोकापर्यंत पोचला. गुरं मेली, विल्डबीस्ट मेले, माणसं उपाशी पडली. पुढे लस आली. शेळ्यांच्या अंगातून विषाणू पुढे पुढे नेत सौम्य करायची रीत १९२० च्या दशकात कुमाऊंतल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत विकसित झाली. त्याहून चांगली लस नंतर वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात तयार केली. सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचली गेली आणि १९६३ च्या सुमारास जंगलातला रोगही संपला. एकाही विल्डबीस्टला सुई न टोचता! अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या शेवटी १३ लाखांवर गेले. त्यांनी गवत खाल्लं, गवत कमी म्हणून वणवे कमी, वणवे कमी म्हणून उत्तरेकडच्या रानात झाडं वाढली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा मान मिळालेला हा दुसराच रोग.

शेवटचा मुक्काम गोरोंगोरोच्या काठावर. २० ते २५ लाख वर्षांपूर्वी एक प्रचंड ज्वालामुखी स्वतःच्या पोटात कोसळला, त्याचं हे कुंड. भिंती सुमारे ६०० मीटर उंच, तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर. गेंडे इथले प्रसिद्ध, पण मी विल्डबीस्टच बघत बसले. कारण इथले बहुतेक विल्डबीस्ट स्थलांतर करतच नाहीत! माती ज्वालामुखीचीच, गवतही तसंच सकस. फरक एवढाच की काठावरच्या ओल्या जंगलातून उतरणारे झरे तळाला वर्षभर पाणी देतात. गवत आणि पाणी एकाच जागी मिळालं की विल्डबीस्ट घर सोडत नाही. माळावर जे तर्काने कळलं होतं, ते इथे डोळ्यांसमोर चरत होतं.

तुम्ही जाणार असाल तर नदी ओलांडणारे कळप बघायला जुलै-ऑगस्टमध्ये जायचा सल्ला सगळेच देतील. माझं ऐका, मुलांची शाळा बुडाली तर बुडू दे, फेब्रुवारीत जा आणि एन्डुटू, ओल्डुवाई, गोरोंगोरो शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवा. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत कळप तिथून निघून गेलेले असतात.